गाडीचा रंग घरी सांभाळताना: पाणी, फडकं, पॉलिश आणि थोडी हौस

सोसायटीत सकाळी गाड्या पुसणारा एक बादली आणि एक फडकं घेऊन दहा-बारा गाड्या उरकतो. तिसऱ्या गाडीपर्यंत त्या फडक्यात पाण्यापेक्षा माती जास्त झालेली असते. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात जे बारीक चऱ्यांचं गोल जाळं दिसतं, ते बहुतेक वेळा या पुसण्याचंच देणं असतं. तेव्हा पहिला उपाय फुकटचा आहे: रोजचं पुसणं बंद करायला सांगा. गाडीवर नुसती बसलेली धूळ रंगाचं काही बिघडवत नाही, ती फडक्याखाली रगडली की बिघडवते. आठवड्यातून एकदा नीट धुतलेली धुळकट गाडी ही रोज पुसलेल्या चकचकीत गाडीपेक्षा पाच वर्षांनी कितीतरी बरी दिसते.

याचं कारण रंगाच्या थरांत आहे. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतं. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. चमक तिथली आणि उन्हापासून राखणही तिथलीच. गॅरेजवाले ज्याला रबिंग-पॉलिश म्हणतात, त्यात हाच थर थोडा घासून सपाट केला जातो. मशीनने एकदा नीट रबिंग केलं की दोन ते पाच मायक्रॉन गेले, आणि गेलेला थर पुन्हा येत नाही. म्हणून नियम सरळ आहे: कोणताही डाग किंवा ओरखडा काढताना सर्वांत कमी घासणारा उपाय आधी करून बघायचा.

धुणं

गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला गार लागेल अशा वेळी धुवा. गरम पत्र्यावर शाम्पू आणि पाणी पुसण्याआधीच वाळतं आणि डाग धरतं. नुकती चालवून आणलेली गाडी असेल तर अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या ब्रेक डिस्कवर एकदम गार पाणी ओतणंही चांगलं नाही.

लागणारं सामान: वीस लिटरच्या दोन बादल्या, चाकांसाठी तिसरी लहान बादली, कार शाम्पू, मायक्रोफायबरचा हातमोजा, चाकांसाठी मऊ ब्रश आणि गाडी कोरडी करायला ८०० ते १२०० जीएसएमचा मोठा टॉवेल. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. जितका जास्त, तितकं कापड जाड आणि पाणी पिणारं. स्पंज घेऊ नका. त्याचा पृष्ठभाग सपाट असतो, त्यामुळे वाळूचा कण आत शिरत नाही, स्पंज आणि रंग यांच्यामध्ये अडकून फिरत राहतो. मोज्याच्या लांब धाग्यांत तो कण वर ओढला जातो. जुनी बनियन, धोतराचं फडकं, पिवळं फ्लॅनेल, सगळं काचेपुरतं ठेवा.

भांडी घासायचं लिक्विड एकदा वापरल्याने रंग उडत नाही, पण वॅक्स धुऊन निघतं आणि रबराच्या पट्ट्या कोरड्या पडायला लागतात. कपड्यांची पावडर तर नकोच. ती क्षारयुक्त असते आणि न विरघळलेले कण घासपूडसारखे चालतात. कार शाम्पू दहा लिटर पाण्याला साधारण २० ते ३० मिली पुरतो. बाटलीवर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. शाम्पू जास्त घातला म्हणून गाडी जास्त स्वच्छ होत नाही, उलट धुवायला पाणी जास्त लागतं.

आधी चाकं धुवा, कारण तिथली घाण सगळ्यात जास्त आणि सगळ्यात खरखरीत असते. त्यांची बादली आणि ब्रश वेगळे. मग हात न लावता सगळ्या गाडीवर टपापासून खालपर्यंत पाणी मारा. नळी नसेल तर झाडांवर फवारणी करायचा पाच ते आठ लिटरचा हातपंप छान काम देतो. फक्त त्यात कधी तणनाशक भरलेलं नसावं. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण चरे टाळायला सगळ्यात जास्त उपयोगी हीच आहे: जी माती पाण्याने गेली, ती मोज्याखाली येणार नाही. चिखल वाळून बसला असेल तर पाणी मारून पाच मिनिटं भिजू द्या आणि पुन्हा मारा.

त्यानंतर एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. मोजा शाम्पूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्यात खळबळून पिळा, मगच पुन्हा शाम्पूत. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी जी माती जमते, ती एका बादलीच्या पद्धतीत पुन्हा गाडीवर गेली असती. क्रम वरून खाली: टप, काचा, बॉनेट, डिक्की, दारांचा वरचा भाग, आणि दारांचा खालचा भाग व बंपर सगळ्यात शेवटी. हात सरळ रेषेत चालवा, गोल फिरवू नका. चुकून चरा पडलाच तर सरळ चरा एका बाजूनेच दिसतो, गोल चरा कुठूनही ऊन आलं तरी चमकतो. मोजा खाली पडला तर तो त्या दिवसापुरता बाद.

असं धुवायला ५० ते ६० लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की सोसायट्या गाड्या धुवायला बंदी घालतात, आणि ते योग्यच आहे. तेव्हा रिन्सलेस वॉश नावाचं द्रव वापरा. सात-आठ लिटर पाण्यात ३० मिलीच्या आसपास घालायचं, पाच-सहा मायक्रोफायबर फडकी त्यात भिजत टाकायची, पंपाने तेच पाणी एका पत्र्यावर फवारून मिनिटभर थांबायचं, मग एकेक फडकं घेऊन हलक्या हाताने पुसायचं आणि घडीची बाजू बदलत जायचं. वापरलेलं फडकं पुन्हा बादलीत बुडवायचं नाही. नंतर धुवायची गरज नसते. चिखलाने माखलेल्या गाडीला मात्र ही पद्धत लावू नका.

वाळवताना टॉवेल रगडू नका, पत्र्यावर पसरून आपल्याकडे ओढून घ्या. आरशाच्या खाचेतून, दाराच्या हँडलमधून आणि नंबर प्लेटच्या मागून पाणी नंतर ओघळतं, तिथे शेवटी एक लहान फडकं फिरवा. मायक्रोफायबर वेगळं धुवा: सुती कपड्यांबरोबर टाकलं तर त्यांचा धुरळा धाग्यांत अडकतो, आणि कपडे मऊ करायचं द्रव घातलं तर कापड पाणी प्यायचं थांबतं.

एक गोष्ट सर्व्हिस सेंटरवर आवर्जून नाकारा: डिझेल किंवा तेल फवारून चमकवणं. दोन दिवस गाडी लख्ख दिसते, मग त्यावर धूळ चिकटते. खरं नुकसान रबराचं होतं. दारांच्या पट्ट्या आणि खालचे बुश ज्या रबराचे असतात, ते तेलाने फुगून मऊ पडतं.

डाग, ज्याचा त्याचा इलाज

पक्ष्याची विष्ठा सगळ्यात घाईची. ती आम्ल असते, आणि उन्हात तापून मऊ झालेल्या क्लिअर कोटला ती खड्डा पाडते. मे महिन्यात एका दुपारीत ठसा उमटू शकतो. टिश्यू पेपर ओला करून त्यावर दहा मिनिटं ठेवा आणि उचलून घ्या, घासू नका. तिच्यात बियांचे कण आणि वाळू असते.

आंब्याला मोहोर आला की झाडाखालच्या गाड्यांवर चिकट थेंबांचा सडा पडतो. तो झाडाचा चीक नाही, तुडतुड्यांचा साखरेचा पाझर आहे. त्यामुळे कोमट पाण्याने दोनदा भिजवलं की विरघळतो. तसाच राहिला तर त्यावर काळी बुरशी चढते. झाडाचा खरा डिंक किंवा चीक पाण्याला दाद देत नाही. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून कापूस मिनिटभर दाबून ठेवा.

बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. ताजे असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, गार पत्र्यावर दोन-तीन मिनिटं लावून धुऊन टाका. त्याने गेले नाहीत तर क्षारांनी थर कोरलेला आहे, मग पॉलिशशिवाय इलाज नाही. घरी बोअरचंच पाणी असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याच्या एका बादलीने मारा आणि गाडी वाऱ्यावर वाळायला सोडू नका.

पांढऱ्या गाडीवर, विशेषतः लोकलच्या रुळांलगत लावल्या जाणाऱ्या, बारीक नारिंगी ठिपके दिसतात. तो गाडीचा गंज नसून ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतून गंजलेले असतात. आयर्न रिमूव्हर फवारला की ते जांभळे होऊन ओघळतात. तीन ते पाच मिनिटांत, वाळायच्या आत, भरपूर पाण्याने धुवा. वास असह्य असतो, मोकळ्या जागेत करा. चाकांवरच्या ब्रेकच्या काळ्या धुळीलाही हेच चालतं. डांबराचे शिंतोडे टार रिमूव्हरने किंवा फडक्यावर घेतलेल्या थोड्या रॉकेलने निघतात, लगेच शाम्पूने धुवा. थिनर मात्र लावू नका. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेला भाग असेल तर तो थिनरने विरघळूही शकतो.

दसऱ्याला बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढतात. हळद निघाली नाही तरी चिंता नको, उन्हात तिचा रंग आपोआप उडतो. बाजारच्या कुंकवात आणि गुलालात मात्र बऱ्याचदा कृत्रिम रंग असतो, तो पांढऱ्या गाडीवर गुलाबी छटा सोडतो. पूजा झाल्यावर त्याच संध्याकाळी पाण्याने ओघळून जाऊ द्या. मिरवणुकीतून आलेल्या गाडीवरचा कोरडा गुलाल फडक्याने झटकू नका, आधी पाणी. आधी वॅक्स केलेलं असेल तर यातलं काहीच टिकत नाही. झेंडूचा हार बॉनेटवर लोळवत गाव फिरू नका, दोरा आणि तार मिळून छान पट्टा उमटवतात.

क्ले आणि पॉलिश

गाडी धुऊन झाल्यावर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून बोटं फिरवा. खरखरीत लागलं तर रुतलेली घाण आहे, आणि ती धुऊन जाणार नाही. त्यासाठी क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण उचलून घेणारी चिकणमातीसारखी वडी. चाळीस-पन्नास ग्रॅमचा तुकडा मळून चपटा करा, लिटरभर पाण्यात दहा मिली शाम्पू घालून भरपूर फवारा, आणि दोन फूट बाय दोन फूट भागात न दाबता सरळ फिरवा. आधी खरखर ऐकू येते, मग आवाज थांबतो. तो थांबला की तुकडा घडी घालून नवी बाजू वर काढा. क्ले जमिनीवर पडला तर फेकून द्या, कितीही महाग असला तरी. वर्षातून एक-दोनदा पुरे. क्लेनेही अगदी बारीक चरे पडतात, म्हणून तो पॉलिश किंवा वॅक्सच्या आधीच करायचा, सहज म्हणून नाही.

पॉलिश हे दुरुस्तीचं काम आहे. ते दिवाळीला दरवर्षी करायचं नसतं. चरे डोळ्यांना खुपत असतील तरच हात घाला. हाताने करायचं तर फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, दीड फुटी चौकोन, मध्यम दाब, एकदा आडवं आणि एकदा उभं. हाताने बारीक जाळं बरंच फिकं होतं, पण पूर्ण जात नाही. मशीन घ्यायचं असेल तर ड्युअल अ‍ॅक्शनचं घ्या. त्याचा पॅड फिरताना हेलकावाही घेतो, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. गॅरेजमधलं सरळ गोल फिरणारं रोटरी मशीन नवख्याच्या हातात काही सेकंदांत रंग जाळू शकतं.

मशीनने करताना आधी एका कोपऱ्यात चाचणी घ्या. सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश, त्याने भागलं नाही तरच एक पायरी वर. पॅड सपाट ठेवा, हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतका सावकाश चालवा, प्रत्येक भागावर चार ते सहा फेऱ्या. घाईने फिरवलेलं मशीन आवाज करतं, काम करत नाही. पत्र्याच्या कडा आणि शरीररेषांवर मास्किंग टेप लावा, तिथे थर मुळातच पातळ असतो आणि पॅडचा दाब नेमका तिथे एकवटतो. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने उष्णता पसरू देत नाही, तिथे वेग कमी ठेवा. झाल्यावर १५-२० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने पुसून मगच निकाल बघा. पॉलिशमधलं तेल चऱ्यांत भरून बसतं आणि सगळं गेल्यासारखं वाटतं, पहिल्या धुण्यात चरे परत हजर.

वॅक्स की सिरॅमिक

दोन्हींचं काम एकच: रंगावर राखणीचा पातळ थर. कार्नोबा वॅक्सची चमक सुंदर, पण आपल्या उन्हात ती चार ते आठ आठवडेच टिकते. सिंथेटिक सीलंट चार ते सहा महिने, फवारायचं सिरॅमिक साधारण तीन ते सहा महिने. घरी करणाऱ्याला फवाऱ्याचं सिरॅमिक सगळ्यात सोयीचं: धुऊन कोरड्या केलेल्या गाडीवर एका भागाला दोन-तीन फवारे, एका फडक्याने पसरवायचं, दुसऱ्याने लगेच पुसायचं. मेच्या शेवटी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा केलं की वर्ष बरंचसं निघतं. वॅक्स लावाल तर थर जितका पातळ तितका बरा. दहा-पंधरा मिनिटांनी बोट ओढून बघा, बोटाखाली स्वच्छ रेघ उमटली तर पुसायला तयार. काळ्या न रंगवलेल्या प्लॅस्टिकला वॅक्स लागलं तर पांढरे डाग पडतात, ते पेन्सिलच्या खोडरबराने खोडून बघा.

बाटलीतल्या सिरॅमिक कोटिंगवर ‘९एच’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. तो पेन्सिलच्या कडकपणाचा मापदंड आहे. त्याचा अर्थ किल्ली ओढली तरी चरा पडणार नाही असा नव्हे. हायवेवरच्या दगडाच्या ठोक्याला फक्त पीपीएफ, म्हणजे १५० ते २०० मायक्रॉनची जाड पारदर्शक फिल्म, थोडा अडथळा करते. नवीन गाडीच्या बॉनेटचा पुढचा भाग, आरसे आणि हँडलमागचे खोलगट वाडगे एवढ्यालाच ती लावून घेतली तर पैसा योग्य जागी जातो. गॅरेजमध्ये ताजा रंगवलेला भाग किमान ३० दिवस तसाच सोडा. आतला सॉल्व्हंट उडून जायला हवा, वर वॅक्सचं झाकण बसलं तर रंग नीट कडक होत नाही.

पिवळे पडलेले हेडलाइट

दिव्याची काच ही काच नसून पॉलिकार्बोनेट असतं. त्यावरचा अतिनील किरणांपासून वाचवणारा लेप उन्हाने जळाला की ती पिवळी, धुरकट होते. टूथपेस्टने घासून महिनाभर बरं दिसतं, तेवढंच. नीट करायचं तर दिव्याभोवतीच्या रंगाला टेपचे दोन थर लावा. वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद) पाण्यात दहा मिनिटं भिजवा. १००० नंबरने आडवं घासा, जुना लेप पिवळसर पाणी होऊन वाहील. पाणी पांढरं येईपर्यंत घासत राहा, कारण अर्धवट निघालेला लेप नंतर ठिगळासारखा दिसतो. मग १५०० ने उभं, २००० ने पुन्हा आडवं, जमल्यास ३००० ने शेवटचा हात. दिशा बदलण्याचा फायदा असा की आधीच्या पेपरचे चरे राहिले असतील तर लगेच दिसतात. नंतर पॉलिश, अल्कोहोलने पुसणं, आणि त्याच दिवशी यूव्ही क्लिअर कोट किंवा हेडलाइटसाठीचं सिरॅमिक. ही शेवटची पायरी गाळली तर काही महिन्यांत दिवा पहिल्यापेक्षा वाईट पिवळा होतो, कारण आता मूळ लेपही गेलेला असतो. धुरकटपणा आतून असेल, पाणी शिरलं असेल, तर बाहेरून घासून काहीच होणार नाही.

ओरखडा: किती खोल?

चऱ्यावर पाणी लावा. ओला असताना दिसेनासा झाला तर तो फक्त क्लिअर कोटमध्ये आहे, पॉलिशने भागेल. नख आडवं फिरवलं आणि ते अडकलं, तर पॉलिशच्या नादी लागू नका, तिथे टच-अप लागेल. आत चकाकता पत्रा किंवा तांबूस डाग दिसला तर याच आठवड्यात. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या किनाऱ्यालगत खारी हवा उघड्या पत्र्याला पावसाळ्याच्या एका मोसमात फोडासारखी फुगवते. बंपरवरचा चरा मात्र कितीही विद्रूप असो, प्लॅस्टिक गंजत नाही, सवडीने करा.

रंगाचा कोड दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेला असतो. ‘पांढरा’ म्हणून रंग मागू नका, एकाच कंपनीचे पांढरे तीन-तीन असतात. कोड दाखवून कंपनीच्या डीलरकडून टच-अपची बाटली घ्या किंवा रंगाच्या दुकानातून पन्नास मिली मिसळून घ्या.

दगडाच्या ठोक्यासाठी: जागा धुऊन अल्कोहोलने पुसा. गंज असेल तर ४०० नंबरचा पेपर टोकदार घडी करून तेवढाच ठिपका घासा, वर रस्ट कन्व्हर्टर लावून बाटलीवर दिलेला वेळ थांबा. मग टूथपिकच्या टोकाने प्रायमरचा एक थेंब, तासाभराने रंगाचे दोन-तीन पातळ थेंब, प्रत्येकात अर्धा तास. बाटलीचा स्वतःचा ब्रश फार जाड असतो, त्याने ठिपक्याचा डाग होतो. रंग वाळताना बसतो, म्हणून शेवटचा क्लिअरचा थेंब आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित उंच ठेवा. सात दिवसांनी २००० किंवा २५०० नंबरचा ओला पेपर खोडरबराच्या तुकड्यावर गुंडाळून फक्त तो उंचवटा सपाट करा आणि हाताने पॉलिश. जवळून शोधला तर दिसेल, चार फुटांवरून दिसणार नाही. घरी यापेक्षा जास्तीची अपेक्षा धरू नका.

पावसाळ्यात हे काम करू नका. हवा दमट असली की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प बसतं आणि रंग दुधाळ पडतो. पोचा पडून लांबी भरायची वेळ आली असेल तर सरळ डेंटिंगवाल्याकडे जा. घरी भरलेली लांबी वर्षभरात कडेने सुटते, आणि तिथून पाणी आत.

न दिसणारी ठिकाणं

पुढच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी, झाडाची पानं कुजून बसतात आणि पाणी जायची भोकं बुजतात. पाऊस सुरू व्हायच्या आधी बोनेट उघडून ती हाताने काढा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची छोटी भोकं असतात, काडीने मोकळी करा. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळत असेल तर गंज आतून सुरू झालेला आहे. चाकांवरच्या मडगार्डच्या आतल्या कडेवर बसलेला चिखल महिनोन्‌महिने ओला राहतो, तिथे नळी धरा. बाकी पॉलिश राहिलं तरी चालेल, हे राहू देऊ नका.

कव्हर स्वच्छ आणि कोरड्या गाडीवरच घाला. धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्यात रात्रभर हलतं आणि घासकागदाचं काम करतं. पावसात ओलं कव्हर गाडीला गुंडाळून ठेवण्यापेक्षा गाडी उघडी बरी.

आता हौस

सुरुवात वायपरच्या दांड्यांपासून करा. पांढरट पडलेल्या दांड्या काढून ४०० नंबरने घासा, अल्कोहोलने पुसा, मॅट काळ्या स्प्रेचे तीन हलके थर द्या, प्रत्येकात पंधरा मिनिटं. डबा २०-२५ सेंटिमीटर दूर. जवळ धरला की ओघळ, फार दूर धरला की रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो. दांडी काढण्याआधी काचेवर तिची जागा टेपने खूण करून ठेवा, नाहीतर बसवताना वायपर काचेच्या कडेला आपटतो. दोनशे-तीनशे रुपयांत जुनी गाडी दोन वर्षांनी तरुण दिसते, यापेक्षा स्वस्त बदल दुसरा नाही.

क्रोमच्या पट्ट्या काळ्या करायच्या तर स्प्रे नको. गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही, महिन्याभरात सालपटं निघतात. ग्लॉस काळं व्हाइनिल, म्हणजे चिकटवायची रंगीत फिल्म, लावा. पुढच्या ग्रिलवर किंवा लोगोमागे रडार असलेली गाडी असेल तर तिथे, आणि बंपरच्या पार्किंग सेन्सरवर, काहीही चिकटवू नका. मागची अक्षरं काढायची असतील तर हेअर ड्रायरने दोन मिनिटं तापवा आणि मासे पकडायची नायलॉन दोरी करवतीसारखी मागून ओढा. स्क्रू ड्रायव्हर लावलात तर टच-अपचा वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा लागेल.

टपाला काळं व्हाइनिल हे दोघांचं काम आहे. कास्ट व्हाइनिल घ्या. स्वस्त कॅलेंडर्ड व्हाइनिल काही महिन्यांत आकसून कडेने उलटतं. रोल १.५२ मीटर रुंद येतो. टप मोजून प्रत्येक बाजूला दहा सेंटिमीटर जास्तीचं धरा, लहान हॅचबॅकला साधारण दोन मीटर लांबी पुरते. टपाच्या दोन्ही बाजूंच्या रबरी पट्ट्या आणि अँटेना काढा, क्ले करा, अल्कोहोलने दोनदा पुसा. पंखा बंद आणि फरशी ओली करून ठेवा, म्हणजे धूळ उडणार नाही. फिल्म ताणून हवेत धरा, मध्यावर चिकटवा, आणि फेल्ट लावलेल्या स्क्वीजीने मध्यातून कडेकडे ढकलत जा. सुरकुती पडली तर रेटू नका, उचला, हलकी ऊब द्या, ती आपोआप सपाट होते. ब्लेड कधीही रंगावर टेकवून चालवू नका. पट्टीच्या खाचेत कापा किंवा दोरा असलेली नाइफलेस टेप वापरा. शेवटी कडांना हीट गनने ९०-१०० अंशांपर्यंत तापवा, म्हणजे ताणलेली फिल्म परत मागे येत नाही. दोन दिवस पाणी लावू नका. आणि काळा टप मे महिन्यात किती तापेल, हा विचार व्हाइनिल विकत घ्यायच्या आधीच करा. सतत उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याची शिफारस नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत, म्हणून पूर्ण गाडीचा रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओ. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवर चिकटवायच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली, आणि नाक्यावरचा हवालदार तोच निकाल सांगतो. पुढचा लोखंडी बुल गार्ड बेकायदेशीर आहे, आणि अपघातात तो बंपरची दबण्याची सोयही बिघडवतो. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट पॉलिशच्या वेळी काढू नका. तिचे स्नॅप लॉक एकदा तोडले की पुन्हा बसत नाहीत.

व्हाइनिल काढायची वेळ दोन-तीन वर्षांतच आणा, कारण आडव्या पृष्ठभागावर ते लवकर जळतं आणि ठिसूळ झालं की नखाएवढ्या तुकड्यांनी निघतं. काढताना ऊब देऊन, पत्र्याशी जवळजवळ समांतर, सावकाश ओढा. मागे राहिलेला गोंद टार रिमूव्हरने जातो. त्या भागावर गॅरेजचा रंग असेल तर आधी एक कोपरा सोडवून बघा. फिल्मच्या मागे रंगाचा पापुद्रा येत असेल, तर तिथेच थांबा आणि पेंटरला बोलवा.